वजन नसलं की कामं वाढतात

सुनीता विल्यम्स अंतराळातून परत आली त्या सकाळी मी गिरगावात आत्याकडे होते. १९ मार्च २०२५. आपल्या घड्याळात पहाटे साडेतीनच्या सुमाराला यान फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरलं होतं आणि सात वाजता टीव्हीवर तेच ते परत परत दाखवत होते. पॅराशूट, पाणी, यानाभोवती घुटमळणारे डॉल्फिन. मग दार उघडलं, आतल्या माणसांना एकेक करून बाहेर काढलं आणि थेट स्ट्रेचरवर घेतलं. सुनीता हसत हात हलवत होती.

आत्याने कप खाली ठेवला. "हसतेय की चांगली. मग उचलून का नेतायत? आजारी आहे का?"

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे असल्या प्रश्नावर माझा हात आपोआप खडूकडे जातो. या वेळी मीच उलटा प्रश्न केला. "आत्या, गेल्या वर्षी तुला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा काय झालं होतं?"

आदल्या पावसाळ्यात चाळीच्या ओल्या जिन्यावर तिचा पाय सटकला होता. कमरेच्या मणक्याला चीर गेली. सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि आयुष्यात कधी दुपारीही न लवंडलेली ही बाई दीड महिना छताकडे बघत पडून राहिली.

"डोळ्यांपुढे अंधारी आली," ती म्हणाली. "आणि पाय माझे नव्हतेच. पोटऱ्या बघितल्यास ना? काड्या झाल्या होत्या."

"तिलाही तेच झालंय. तुझे सहा आठवडे, तिचे नऊ महिने."

आत्याला पटावं म्हणून मी हे जुळवून सांगितलं नव्हतं. अंतराळात शरीराचं काय होतं हे तपासायला शास्त्रज्ञ खरोखरच धडधाकट माणसांना अंथरुणात झोपवून ठेवतात. २०१९ साली जर्मनीत, कोलोनला, नासा आणि जर्मन अंतराळ संस्थेने मिळून स्वयंसेवकांना साठ दिवस पलंगावर ठेवलं. पलंग डोक्याकडे सहा अंश उतरता. जेवण, आंघोळ, सगळं आडव्यानेच. कुशीवर वळायची मुभा, पण एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा. या झोपून राहण्याचे त्यांना पैसे मिळाले. आत्याच्या लक्षात यातलं पैशांचं तेवढं राहिलं.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं असं माझी मुलं दर वर्षी पेपरात लिहितात आणि दर वर्षी मी ते लाल शाईने खोडते. सुनीता राहिली ते अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. मुंबईहून कोल्हापूर साधारण तेवढंच. एवढ्याशा अंतरावर पृथ्वीची ओढ काही संपत नाही. इथे आहे त्याच्या ९० टक्के ती तिथेही असते. मग माणसं तरंगतात कशी? ती तरंगत नसतात, पडत असतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून खडा टाकला तर तो चार हातांवर पाण्यात पडेल, भिरकावला तर लांब पडेल. हवेचा अडथळा नाही असं धरून जोर वाढवतच नेला, तर एक वेळ अशी येते की खडा पडतोय, पण त्याच्याखालची पृथ्वीही तितकीच वाकत चाललीय, म्हणून तो कुठे टेकतच नाही. स्थानकाचा वेग ताशी साधारण २८,००० किलोमीटर. चर्चगेट ते विरार आठ सेकंदांत. दर सेकंदाला ते सव्वाचार मीटर खाली पडतं, पण तेवढ्यात साडेसात किलोमीटर पुढे गेलेलं असतं आणि तेवढ्या पल्ल्यात पृथ्वीचा गोलावाही सव्वाचार मीटरच खाली गेलेला असतो. आतली माणसं, डबे, पाणी, पेन, सगळं एकाच वेगाने पडतंय, त्यामुळे कुणाचा भार कुणावर नाही. लिफ्ट झटकन खाली सुटली की पोटात जे होतं, ते महिनोन् महिने.

ऐकायला मजेचं वाटतं. पण आत्या आडवी झाली तेव्हा दादाच्या घराला कळलं होतं की पहाटे पावणेपाचला पिंप आपोआप भरत नाही. दूध उतू जायच्या आत गॅस आपोआप बारीक होत नाही, कोथिंबीर आपोआप फडक्यात गुंडाळली जात नाही. तिला कुणी ही कामं सांगितलेली नव्हती, कुणी मोजलेलीही नव्हती. ती करायची म्हणून व्हायची. गुरुत्वाकर्षणाचं अगदी तसंच आहे. ते दिवसभर आपली शेकडो बारीकसारीक कामं उरकत असतं. ते रजेवर गेलं की प्रत्येक कामाला एक यंत्र लावावं लागतं, आणि यंत्र बिघडतं.

साधा श्वास घ्या. आपण सोडलेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार आणि म्हणून हलकी असते. ती वर सरकते, तिच्या जागी ताजी येते. वजनच नसेल तर जड-हलकं हा भेद उरत नाही, आणि झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो. पुढचा श्वास त्यातलाच. म्हणून स्थानकावर पंखे सतत चालू. झोपायची जागा म्हणजे जुन्या पीसीओच्या खोक्याएवढी कपाटवजा खोली, भिंतीला बांधलेली झोपायची पिशवी आणि हवेचा झोत. आपल्याकडे लाइट गेली की घाम येतो. तिथे पंखा थांबला तर डोकं दुखून जाग येते. ऑगस्ट १९६१ मध्ये गेरमान तितोव हा रशियन अंतराळवीर वर झोपलेला पहिला माणूस ठरला. वय २५. त्याचे हात झोपेत आपोआप वर येऊन समोर तरंगू लागले, तेव्हा ते पट्ट्याखाली खोचून तो पुन्हा झोपला.

"ते राहू दे," आत्या म्हणाली. "संडासचं काय?"

हा प्रश्न यायचाच. शाळेतल्या पोरांपुढे बोला नाहीतर निवृत्त इंजिनिअरांच्या मंडळापुढे, शेवटी कुणीतरी ओशाळं हसत तो विचारतोच. मला विचाराल तर इतका मुद्द्याचा प्रश्न दुसरा नाही, कारण इथे गुरुत्वाकर्षण आपलं काय काम करतं हे कुणालाही फळ्याशिवाय कळतं.

अमेरिकेला ते जरा उशिरा कळलं. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड अंतराळात जाणारा पहिला अमेरिकन होणार होता. उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं, म्हणून लघवीची काही सोयच केलेली नव्हती. पण उड्डाण रखडलं, तासन् तास रखडलं, आणि शेवटी त्याला सांगण्यात आलं की आता कपड्यातच उरक. तो ओल्या कपड्यांनिशी अंतराळात गेला. चंद्राच्या मोहिमांवर तर नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, कडेला चिकटपट्टी असलेल्या. मे १९६९ मध्ये अपोलो १० चंद्राकडे गेलं, त्या प्रवासात कमांडर टॉम स्टॅफर्डने घाईघाईने नॅपकिन मागितला, कारण केबिनमध्ये एक ऐवज तरंगत चालला होता. मग तिघांनीही तो आपला नसल्याचं ठामपणे सांगितलं. हा सगळा संवाद मोहिमेच्या अधिकृत नोंदीत आहे. सामायिक संडासाच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हा वाद नवा नाही.

आता स्थानकावर नीट व्यवस्था आहे. खाली पडण्याचं काम हवेचा झोत करतो. लघवीसाठी नळी आणि तिच्या तोंडाला फनेल, दुसऱ्या कामासाठी लहानशा भोकाचं आसन. झोत दोन्हीकडे आत ओढणारा. आपण स्वतः उडून जाऊ नये म्हणून पाय अडकवायची सोय. पिशवी बांधून डब्यात सारायची. भरलेले डबे कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरतात आणि ते यान परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जातं.

बायकांच्या गरजा तर आणखी मागे राहिल्या होत्या. १९८३ साली अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड आठवडाभराच्या मोहिमेवर निघाली, तेव्हा इंजिनिअरांनी तिला विचारलं की पाळीसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील ना. चंद्रावर माणूस उतरवून परत आणणारी ही मंडळी. आत्या यावर काही बोलली नाही, फक्त वहिनीकडे बघून भुवया उंचावल्या.

लघवी मात्र फेकत नाहीत. ती गोळा होते, उकळून तिची वाफ केली जाते, गाळून शुद्ध होते आणि पुन्हा प्यायचं पाणी बनते. घाम आणि श्वासातला ओलावाही हवेतून काढून त्यातच जातो. २०२३ साली नासाने सांगितलं की स्थानकावरचं ९८ टक्के पाणी आता असं परत मिळतं. माणशी दिवसाला साधारण पावणेचार लिटर पाणी लागतं आणि ते रॉकेटमधून पाठवत राहणं परवडणारं नाही. सुनीता आणि तिचा सहकारी बुच विल्मोर ५ जून २०२४ रोजी साधारण आठ दिवसांसाठी निघाले, तेव्हा नेमका या यंत्राचा पंप वर बिघडला होता. नवा पंप न्यायला यानात जागा हवी, म्हणून दोघांच्या कपड्यांच्या सुटकेसा खाली उतरवल्या. आठ दिवसांचाच तर प्रश्न! पुढे त्यांच्या यानातच दोष निघाले, ते त्यांच्याशिवाय खाली आणलं, आणि आठ दिवसांचे २८६ दिवस झाले. सुरुवातीचे दिवस स्थानकावरच्या शिलकी कपड्यांवर निघाले. तसेही तिथे कपडे कुणी धूत नाही, वापरायचे आणि टाकून द्यायचे. आंघोळ नाही, ओल्या टॉवेलने अंग पुसायचं.

"शी," लघवीचं ऐकून आत्या म्हणाली होती. मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "तांदूळ धुतलेलं मी कुंड्यांना घालतेच की."

खाण्याचं म्हणाल तर पावाची पंचाईत आहे. पावाचा चुरा पडतो, म्हणजे पडत नाही, उडतो, आणि डोळ्यांत किंवा यंत्रांत जातो. १९६५ साली जॉन यंगने खिशात लपवून सँडविच नेलं होतं, त्यावरून अमेरिकेच्या संसदेत प्रश्न विचारले गेले. १९८५ मध्ये रोदोल्फो नेरी वेला हा मेक्सिकन अंतराळवीर आपल्या देशाचा तोर्तिया घेऊन गेला आणि पावाचा प्रश्न मिटला. तोर्तिया म्हणजे आपल्या पोळीची सख्खी बहीण. वडापाववाल्या शहराने हे मान्य करायला हरकत नाही की अंतराळात पोळी जिंकली. शुभांशू शुक्ला पुढे जून २०२५ मध्ये स्थानकावर गेला, तिथे जाणारा तो पहिला भारतीय. त्याने गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. यातलं काहीही उडत नाही. आत्याने विचारलं, "पुरी?" पुरीचं मी तिला नाही सांगितलं. फुगलेल्या पुरीचे पापुद्रे केबिनभर झाले असते.

चव मात्र कमी लागते. नाक सतत चोंदलेलं, त्यामुळे सगळं सर्दीत जेवल्यासारखं. तिखट सॉसला मोठी मागणी असते. मीठ आणि मिरपूडही पातळ स्वरूपात. सोडा प्यायची सोय नाही, कारण पोटात हवा वर आणि अन्न खाली असं वेगळं होतच नाही. ढेकर आली तर अन्नासकट येते.

नाक चोंदतं याचं कारण म्हणजेच स्ट्रेचरच्या उत्तराची सुरुवात. उभ्या माणसाच्या अंगातलं रक्त आणि पाणी कायम पायांकडे ओढलं जात असतं. ते परत वर चढवायला शरीराने जय्यत तयारी ठेवलेली आहे. पायांच्या शिरांमध्ये झडपा आहेत, पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे दाबत असतात. वर गेल्यावर खालची ओढ संपते, पण वर ढकलणं काही थांबत नाही. दोनेक लिटर द्रव पायांतून छाती-डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. आता शरीराला वाटतं, वर एवढं पाणी म्हणजे अंगात पाणी जास्त झालं. तहान कमी होते, मूत्रपिंडं जादाचं बाहेर टाकतात, आणि थोड्या दिवसांत अंगातलं रक्तच कमी होतं. वर ते चालतं. पण परत खाली आल्यावर तेवढंसं रक्त पुन्हा पायांकडे धावतं आणि डोकं कोरडं पडतं. हीच आत्याची अंधारी. त्यावर उपाय काय करतात? उतरण्याआधी अंतराळवीर मिठाच्या गोळ्या घेऊन भरपूर पाणी पितात आणि पायांना घट्ट कपडे घालतात. अब्जावधी डॉलरची मोहीम, शेवटी मीठ-पाणी. आत्याला डॉक्टरांनी लिंबू-सरबत सांगितलं होतं, साखर बेताने.

डोक्याकडे सरकलेल्या या पाण्याचा त्रास डोळ्यांनाही होतो. महिनोन् महिने राहिलेल्या अनेकांच्या डोळ्यांचा मागचा भाग किंचित चपटा होतो, नजर बदलते. म्हणून स्थानकावर जास्तीच्या नंबरचे चष्मे ठेवलेले असतात.

दुसरी गडबड कानात. आपल्या अंतर्कर्णात चुनखडीचे बारीक कण एका लिबलिबीत थरावर बसलेले असतात. मान वाकवली की ते घसरतात आणि मेंदूला कळतं, खाली कुठे आहे. वर ते कशावरच दाब देत नाहीत. डोळे सांगतात जमीन पायाशी आहे, कान सांगतो जमीन असं काही नाहीच, आणि मेंदू कशेडी घाटातल्या एसटीत बसल्यासारखा वैतागतो. निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. तितोवच, तोच झोपणारा, अंतराळात उलटी करणाराही पहिला. मेंदू हळूहळू कानाचं ऐकणं सोडून देतो आणि सगळं सुरळीत होतं. मात्र परतल्यावर कान पुन्हा बोलायला लागतो आणि मेंदूला त्याची सवय राहिलेली नसते. नुसती मान वळवली तरी खोली फिरते. या अवस्थेत कुणाला पायऱ्या उतरायला लावणं म्हणजे आत्याच्या जिन्याची पुनरावृत्ती. म्हणून स्ट्रेचर. दीर्घ मुक्काम करून आलेल्या सगळ्यांनाच तसं नेतात, ती पद्धतच आहे.

हाडांचं प्रकरण या सगळ्यापेक्षा संथ आणि म्हणून वाईट. हाड एकदा बनलं की तसंच राहतं असं आपल्याला वाटतं, पण त्याचं कायम रीडेव्हलपमेंट चालू असतं. पेशींची एक टोळी जुनं पाडते, दुसरी नवं बांधते, आणि किती बांधायचं हे ठरतं हाडावर भार किती येतो त्यावरून. भार संपला की बांधणारे ढिले पडतात, पाडणारे मात्र जोरात. मांडी आणि कंबरेची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. म्हाताऱ्या माणसाचं तेवढं नुकसान व्हायला जवळपास वर्ष लागतं. हाडातून सुटलेलं कॅल्शिअम रक्तात येतं, तिथून लघवीत, मग मुतखड्याची भीती. आणि ही लघवी जाते कुठे? त्या पाण्याच्या यंत्रात. सुरुवातीला ते यंत्र तुंबलं, कारण पृथ्वीवरच्या लघवीचा हिशेब करून ते बनवलं होतं आणि अंतराळवीरांच्या लघवीत कॅल्शिअम जास्त निघालं. माणसांची हाडं अक्षरशः यंत्रात अडकली होती. अंतराळाबद्दलची एवढी एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी हीच सांगेन.

उपाय म्हणजे भार परत आणायचा. रोज साधारण दोन तास व्यायाम. ट्रेडमिलवर रबरी पट्ट्यांनी स्वतःला खाली खेचून बांधायचं आणि पळायचं. वजनं उचलायची तर वजनाला वजन नाही, म्हणून निर्वात नळकांड्यांचा दांडा ओढायचा. सुनीताने २००७ साली अशाच पट्ट्यांत बांधून घेऊन, बोस्टनची मॅरेथॉन चालू असताना, वर पूर्ण मॅरेथॉन पळून दाखवली. चार तास चोवीस मिनिटं. आता परतली तेव्हा ती ५९ वर्षांची होती.

"रडू आलं तर?" वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

अश्रू ओघळत नाहीत. क्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने २०१३ साली डोळ्यात पाणी सोडून दाखवलं होतं. पाण्याचा गोळा डोळ्यालाच चिकटून राहतो, मोठा होत जातो आणि नाकावरून दुसऱ्या डोळ्याकडे सरकतो. तो पुसूनच काढावा लागतो.

रडण्याजोगं तिथे काय असतं, हा खरा प्रश्न. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहायची याचं आपण कौतुक करतो, पण ती राहू शकली कारण बाहेर गॅलरी होती, नाका होता, चौपाटी होती. भांडण झालं की चप्पल घालायची आणि निघायचं. स्थानकावर सात माणसं, आणि निघायचं कुठे? २०१० साली तिथे सात काचांची एक घुमटी बसवली, खाली पृथ्वी दिसणारी. रिकामा वेळ मिळाला की माणसं तिथे जाऊन बसतात. मला तर वाटतं, ती गॅलरीच आहे. दिवसातून सोळा वेळा सूर्योदय होणारी.

पण खाली काय चाललंय ते नुसतं बघायचं, उतरता येत नाही. सर्गेई क्रिकालेव मे १९९१ मध्ये वर गेला तेव्हा तो सोव्हिएत संघाचा नागरिक होता. वर असतानाच त्याचा देश विसर्जित झाला, त्याच्या गावाचं लेनिनग्राड हे नाव बदलून सेंट पीटर्सबर्ग झालं. ३११ दिवसांनी तो उतरला तो कझाकस्तान या वेगळ्या झालेल्या देशात. ११ सप्टेंबर २००१ रोजी फ्रँक कल्बर्टसन हा वर असलेला एकमेव अमेरिकन होता. न्यू यॉर्कवरचा धूर त्याने खिडकीतून पाहिला. पेंटॅगॉन या अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयावर अतिरेक्यांनी आदळवलेल्या विमानाचा मूळ पायलट आपला वर्गमित्र होता हे त्याला नंतर कळलं.

आणि डॅनिअल टॅनी. डिसेंबर २००७. खाली त्याची नव्वद वर्षांची आई रेल्वे फाटकावरच्या अपघातात गेली. त्याला वर कळवलं गेलं. त्याला न्यायला येणारं यान आधीच लांबणीवर पडलेलं होतं. तो फेब्रुवारीत परतला.

हे ऐकल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पिठलं-भात कुणी दिला असेल?"

आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. मी सांगितलं की त्या वेळी तिथे तिघंच होते. टॅनी, कमांडर पेगी व्हिटसन आणि युरी मालेन्चेन्को. "म्हणजे दोन शेजारी होते," आत्या म्हणाली. तिला तेवढं पुरे होतं.

मंगळावर जायचं म्हटलं की मला यान, इंधन यांच्यापेक्षा या गोष्टीची काळजी जास्त वाटते. स्थानकावरून निदान घरी फोन लागतो. मंगळाला संदेश पोचायला, तो कुठे आहे त्यावर अवलंबून, तीन ते बावीस मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला परत तेवढीच. असल्या फोनवर भांडताही येत नाही, समजूत काढणं तर लांबच. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा पुरुषांना ५२० दिवस बंद खोल्यांत ठेवून मंगळाच्या प्रवासाची तालीम झाली. ना उजेड ना अंधार, ना आलं-गेलं. बऱ्याच जणांची झोप बिघडली, हालचाल मंदावली. एकाच्या शरीराने तर पंचवीस तासांचा दिवस धरला, त्यामुळे तो इतरांपासून थोडा थोडा सरकत गेला; ते जागे तेव्हा हा झोपलेला. आपल्या गगनयानात माणसं तीन दिवसांसाठीच जायची आहेत, तेव्हा त्यांना ही अडचण नाही. त्यांची अडचण तितोवची.

"आता चालेल का ती नीट?" आत्याने पुन्हा टीव्हीकडे बघितलं. तिथे एव्हाना हवामान लागलं होतं.

चालेल. परतलेल्यांना साधारण दीड महिना रोज दोन तास व्यायाम असतो, प्रत्येकाला स्वतंत्र प्रशिक्षक. आधी तोल, मग ताकद. हाडं मात्र वेळ घेतात, कुणाची वर्षभरानेही पुरती भरत नाहीत. हात आणि डोकंही उशिरा खाली येतात. शुभांशूनेच पुढे सांगितलं, परतल्यावर हातातला फोन जड लागला आणि लॅपटॉप तर त्याने पलंगाशेजारी हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. खाली कार्पेट होतं म्हणून निभावलं.

"स्वतंत्र प्रशिक्षक," आत्या म्हणाली. "मला एक कागद दिला होता. त्यावर तीन चित्रं." मग तिला आठवलं, "डोळे मिटून उभं करतात का गं? मला सांगितलं होतं. मी भिंत सोडलीच नव्हती."

करतात, मी म्हटलं. डोळे मिटले की कानावरच भिस्त, त्यात लगेच कळतं.

ती उठली. खोलीच्या मधोमध, टीव्ही आणि पलंग यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत उभी राहिली, पदर खोचला आणि डोळे मिटले. हात अंगापासून जरा सुटलेले. मी मागे हात पुढे करून उभी. किंचित झुलली, सावरली. मी मनात आकडे मोजत होते, सतरा, अठरा.

"दूध आलंय वर," डोळे न उघडता आत्या म्हणाली. "कुणीतरी गॅस बारीक करा."